आधी साळुंकी पाठ करा

पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर फेब्रुवारीत फुललेली एक काटेसावर गाठावी. भिगवणचे रोहित, कर्नाळ्याचं जंगल, नांदूरमधमेश्वरची बदकं हे सगळं नंतर. काटेसावर पुण्याच्या टेकड्यांवर आहे, कोकणात डोंगरउतारावर आहे, विदर्भात रस्त्याकडेला आहे. या दिवसांत तिच्या अंगावर पान नसतं. आडव्या पसरलेल्या उघड्या फांद्या, त्यांवर जाड पाकळ्यांची तळहाताएवढी लाल फुलं आणि फुलांच्या तळाशी भरपूर मध. पक्ष्यांना लपायला जागा नाही आणि पंगत सोडून जायची इच्छाही नाही. नवशिक्याला आणखी काय हवं?

सकाळी सातच्या सुमारास झाडापासून जरा लांब, सूर्य पाठीशी ठेवून उभं राहावं. साळुंक्या आधीच आलेल्या असतात आणि त्यांची भांडणंही सुरू झालेली असतात. बुलबुल जोडीजोडीने येतात. कोतवाल मध पितो आणि मधाला आलेले कीटकही टिपतो. पोपट फुलांची नासधूस करून खाली सडा पाडतात. इवलासा शिंजीर एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नुसता भिरभिरतो. मध्येच पिवळाधमक हळद्या डोकावून जातो, आणि मग अचानक पळस मैनांचा थवा सगळं झाड ताब्यात घेतो. अर्ध्या तासात दहा-बारा जातींचे पक्षी समोर येऊन जातात. पहिल्या दिवशी त्यांतले ओळखू येतात दोनच, कावळा आणि पोपट. बाकीचे सगळे ‘ते काळं’, ‘ते बारकं’ आणि ‘ते आत्ता उडालं ते’.

भारतात पक्ष्यांच्या तेराशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, एकट्या महाराष्ट्रात साडेपाचशेच्या वर. या आकड्याने दबून जायचं कारण नाही. आपल्या घराच्या, शाळेच्या, शेताच्या आसपास नेहमी दिसणारे पक्षी मोजले तर तीस-चाळीसच्या घरात भरतील. शिकायचे ते एवढेच. पण ते इतके पाठ व्हायला हवेत की त्यांच्यात एखादा परका आला तर डोळा आपोआप अडखळावा. साधे पक्षी ओळखणं ही दुर्मीळ पक्षी पाहण्याची पूर्वतयारी आहे, आणि माझ्या मते तोच या छंदाचा खरा गाभाही आहे. याचा पुरावा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तिकडे आपण शेवटी जाऊ.

नवा माणूस पक्षी दिसला की आधी रंग सांगतो. जाणता माणूस आधी आकारमान विचारतो. केवढा होता? सेंटिमीटर सांगून काही कळत नाही, कारण तीस फुटांवरच्या फांदीवरचे सेंटिमीटर कुणालाच दिसत नाहीत. त्यावरचा उपाय सलीम अली यांच्या ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ या १९४१ सालच्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवला: अनोळखी पक्षी ओळखीच्या पक्ष्याशी ताडून पाहायचा. चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा, घार. या सहाजणांची मापं डोळ्यांत बसली की काम निम्मं झालं. चिमणीपेक्षा बराच लहान, चोच बाकदार, फुलांभोवती घुटमळतो, म्हणजे शिंजीर. चिमणीपेक्षा थोडा मोठा, पण बुलबुलापेक्षा लहान, बुटका, जाड चोचीचा, हिरवा, कपाळावर लाल टिळा, म्हणजे तांबट. कावळ्याएवढा, काळा, पण पंख विटकरी आणि डोळे लालभडक, झुडपांखाली जमिनीवर चालतो, म्हणजे भारद्वाज.

आकारमानानंतर पाहायची ती लकब. गल्लीच्या टोकाला अजून चेहराही दिसत नसतो, तरी ‘मामा आला’ हे आपण चालण्यावरून सांगतो. पक्ष्यांचंही तसंच आहे. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेतच माशी पकडतो आणि परत त्याच तारेवर, बहुतेक वेळा त्याच जागी येऊन बसतो. धोबी चालता चालता शेपूट वरखाली हलवतच राहतो. दयाळ शेपूट ताठ उभारतो. शिक्रा चार-सहा वेळा पंख मारतो, मग तरंगतो, पुन्हा पंख मारतो. पोपट सरळ रेषेत, वेगात आणि ओरडतच जातात. हुदहुदाचं उडणं वरखाली लहरत जातं. आकाशात घिरट्या घालणाऱ्या शिकारी पक्ष्याची शेपटी टोकाला खाचलेली दिसली की ती आपली नेहमीची घार, एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मे ‘गरुड’ बाद होतात. सातभाई कधी एकटा दिसत नाही. जमिनीवर पाचोळा उलथत, कुरकुरत, एकामागोमाग एक उड्या मारत सगळी टोळी पुढे सरकते. त्यांच्यातली काही मंडळी स्वतः अंडी न घालता घरातल्या इतरांची पिल्लं भरवतात. एवढं कळल्यावर तो मातकट, भांडखोर, कुणी दुसऱ्यांदा न पाहणारा पक्षी तासभर पाहावासा वाटतो.

आता रंग. रंग शेवटी पाहायचा, कारण रंगाइतका फसवा दुसरा पुरावा नाही.

तळ्याकाठी एक मातकट, रेघारेघांचा बगळा मान आखडून बसलेला असतो. चिखलात चिखलाचाच असल्यासारखा. जवळ गेलं की तो उडतो आणि एका क्षणात पांढराशुभ्र होतो, कारण त्याचे पंख पांढरे असतात आणि बसल्यावर ते तपकिरी पाठीखाली पूर्ण झाकले जातात. हा वंचक, म्हणजेच ढोकरी. नवशिक्यांच्या वहीत तो हमखास दोन पक्षी म्हणून नोंदला जातो. पावसाळ्यात त्याची पाठ गडद लालसर होते, तेव्हा तिसरा. कोकिळाचंही तेच. नर चकचकीत काळा आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके. दोघांना शेजारी बसवलं तरी नवरा-बायको वाटणार नाहीत. आणि ‘कुहू’ नराचं. मादीचा आवाज तुटक, घाईचा, किक्-किक्-किक्, ऐकायला अजिबात गोड नाही.

जांभळा शिंजीर तर वर्षात दोनदा कपडे बदलतो. विणीच्या काळात नर पुरता काळानिळा असतो. ऊन पडलं की त्यातून जांभळी झाक उसळते. वीण संपली की तो मादीसारखा साधा होतो, वर मळकट हिरवा आणि खाली पिवळट. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळी रेघ उरते. ती रेघ दिसली की ओळख पटते.

त्या जांभळ्या रंगात खरी गंमत आहे. शिंजिराच्या पिसात जांभळं असं काहीच नसतं. तिथे असतात काळ्या मेलॅनिनचे अतिसूक्ष्म, एकावर एक रचलेले कण. प्रकाशाच्या लहरी त्या थरांवरून परततात, एकमेकींत मिसळतात, काही विरतात आणि काही बळावतात. बळावलेल्या आपल्या डोळ्यांपर्यंत येतात आणि आपण त्याला जांभळा म्हणतो. पक्षी जरा वळला, कोन बदलला की रंग विझतो आणि उरतो नुसता काळा. खंड्याच्या पाठीचा निळा, नीलपंखाच्या पंखांचा निळा, हेही रचनेचेच रंग आहेत. निळं रंगद्रव्य पक्ष्यांच्या पिसांत जवळजवळ नसतंच. खाली पडलेलं असं निळं पीस उचलून उजेडासमोर आडवं धरलं, म्हणजे प्रकाश त्यातून आरपार आला, तर निळा गायब होतो आणि हातात मळकट तपकिरी पीस राहतं. पोपटाचा हिरवा तर दोघांच्या भागीदारीतला. पिसातलं पिवळं रंगद्रव्य आणि पिसाच्या रचनेतून उमटलेला निळा मिळून तो हिरवा होतो.

एवढं करूनही आपण पक्षी पुरता पाहतच नाही. आपल्या डोळ्यांत रंग टिपणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार. आपल्याला न दिसणारा अतिनील प्रकाश अनेक पक्ष्यांना दिसतो. म्युर ईटन या संशोधकाने २००५ साली एक तपासणी प्रसिद्ध केली. ज्यांचे नर-मादी माणसाला हुबेहूब सारखे दिसतात अशा १३९ जाती त्याने घेतल्या आणि पक्ष्याच्या डोळ्याला काय दिसेल ते मोजलं. नव्वद टक्क्यांहून अधिक जातींत नर आणि मादी वेगळे निघाले. म्हणजे ‘यांच्यात नर-मादी सारखेच’ असं पुस्तकात वाचताना मनात ‘आपल्या दृष्टीने’ एवढं जोडून घ्यावं.

डोळ्यांपेक्षा कान लवकर शिकतात, हा बहुतेकांचा अनुभव. पानांच्या गर्दीत पक्षी दिसत नाही, आवाज मात्र आरपार येतो. तांबट हे पहिलं गिऱ्हाईक. उन्हाळा चढू लागला की टुक्-टुक्-टुक् असा एकसुरी ठोका सुरू होतो, मिनिटाला शंभरावर. तो शोधायला निघालं की माणूस चक्रावतो. आवाज कधी डावीकडून येतो, कधी उजवीकडून, कधी जवळून, कधी लांबून. पक्षी मात्र एकाच शेंड्यावर बसलेला असतो आणि ठोके देताना मान इकडून तिकडे वळवत असतो. त्याहून नवल असं की तो चोच उघडतच नाही. मिटल्या चोचीने प्रत्येक ठोक्याला गळ्याची कातडी फुगते आणि बसते, दुर्बिणीतून स्पष्ट दिसतं.

पक्ष्यांचा आवाज आपल्यासारखा गळ्याच्या वरच्या टोकाला तयार होत नाही. श्वासनलिका खाली जिथे दोन फुप्फुसांकडे फुटते, तिथे त्यांचं स्वरयंत्र असतं. दोन फाटे असल्यामुळे गाणारे अनेक पक्षी दोन्ही बाजू वेगवेगळ्या चालवू शकतात, काही तर एकाच वेळी दोन निरनिराळे सूर काढतात. एप्रिल-मेच्या पहाटे विजेच्या खांबावर बसून दयाळ गात असतो तेव्हा एवढ्याशा देहातून इतकं सगळं कसं येतं याचं थोडंफार उत्तर इथे मिळतं. आवाजाचं देहाशी काही प्रमाण नसतं हेही लवकरच कळतं. सोसायटीच्या कुंपणातून खणखणीत टुवीट्-टुवीट् ऐकू आलं की आपण साळुंकीएवढा तरी पक्षी शोधतो, आणि जास्वंदीच्या पानांतून बाहेर येतो चिमणीहूनही लहान शिंपी.

आवाज लक्षात ठेवायला शब्द जोडावेत, आणि ते आपल्या भाषेत आधीच जोडलेले आहेत. मृगाच्या आधी रात्रंदिवस ओरडणारा पावशा शेतकऱ्याला ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सांगतो. हा आवाज न ऐकलेला मराठी माणूस विरळा, आणि पक्षी पाहिलेला त्याहून विरळा. कारण पावशा दिसला तरी तो पावशा वाटत नाही. राखाडी पाठ, छातीपोटावर आडवे पट्टे, शेपटीवर पट्टे, पंख मारत-तरंगत उडण्याची ढब: हुबेहूब शिक्रा. फसगत फक्त माणसाची होत नाही, पावशा झाडावर उतरला की छोटे पक्षीही धोक्याची हाकाटी करतात.

पावशा स्वतः घरटं बांधत नाही. सातभाईंच्या घरट्यात तो आपलं निळं अंडं ठेवतो, सातभाईंची अंडीही निळीच असतात. शिकाऱ्याचं सोंग या धंद्यात उपयोगी पडत असणार असा अंदाज फार जुना. इंग्लंडमध्ये निक डेव्हिस आणि जस्टिन वेलबर्गन यांनी तिथल्या कोकिळेवर तो तपासला आणि २००८ साली निष्कर्ष मांडले. दाण्यावर येणाऱ्या छोट्या टिट पक्ष्यांसमोर त्यांनी कोकिळेचा आणि शिक्र्याच्या तिथल्या भाऊबंदाचा नमुना आळीपाळीने ठेवला. टिट पक्षी दोघांनाही सारखेच बिचकले. कोकिळेच्या पोटावरचे पट्टे झाकून टाकल्यावर मात्र त्यांची भीती ओसरली. आपण ज्या पट्ट्यांवरून पक्षी ओळखायला जातो, त्याच पट्ट्यांवरून पक्षीही पक्ष्याला ओळखतात आणि फसतात. आपण फसू नये म्हणून चोच पाहायची. शिक्र्याची आखूड, आकड्यासारखी वळलेली, मांस फाडायची. पावशाची सरळसर, किडे-अळ्या खायची. पायांच्या नख्या दिसल्या तर प्रश्नच मिटला.

कॅलेंडर हाही ओळखीचा भाग आहे. एकच पक्षी डिसेंबरात शक्य असतो आणि जूनमध्ये जवळजवळ अशक्य. सप्टेंबर सरताना ओढ्याकाठी, क्रिकेटच्या मैदानावर, पाणी साचलेल्या गच्चीवर राखाडी-पांढरे धोबी उतरतात. ते हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून आलेले असतात. चातक नेमका उलटा, पावसाच्या तोंडावर आफ्रिकेकडून येतो आणि पावशासारखाच सातभाईंच्या गळ्यात पडतो. (सातभाईंची मला नेहमी दया येते.) काटेसावरीवरच्या पळस मैनांचं वेळापत्रक तर थक्क करणारं आहे. यांना भोरड्याही म्हणतात. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. ज्वारीच्या शेतावर यांचे थवे उतरले की राखणदाराला गोफण घ्यावी लागते. यांना आपण हिवाळी पाहुणे म्हणतो. पण एप्रिलमध्ये मध्य आशियाच्या माळरानांकडे गेलेले हे थवे तिथे वीण उरकून जुलै-ऑगस्टमध्येच परत दिसू लागतात. वर्षातले फार तर तीन-चार महिने गावाला आणि बाकीचे आपल्याकडे. अशाला पाहुणा म्हणायचं का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुर्बिणीबद्दल थोडंसं. ८×४२ लिहिलेली घ्यावी. आठपट मोठं दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची असल्यामुळे झाडाखालच्या अंधारातही उजेड पुरतो. बारापट, सोळापटच्या मोहात पडू नये. हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. पक्ष्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांशी आणायची, हा सराव बुलबुलांवर करावा. महिनाभर नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तरी काही बिघडत नाही. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ घरी असावा, तो चाळण्यात रविवार जातो.

मोबाइलवरच्या ‘मर्लिन’ या अ‍ॅपबद्दल मात्र माझं थोडं भांडण आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीप्रयोगशाळेने ते केलंय, आणि २०२१ पासून ते आवाज ऐकून पक्षी सुचवतं. विलक्षण काम आहे. अनेकदा बरोबर सांगतं, अधूनमधून ठोकूनही देतं. पण त्याला आधी विचारलं की आपले कान कामाला लागतच नाहीत. आधी आपण बोलावं, मग त्याला विचारावं. वहीचंही तसंच: पुस्तक उघडण्याआधी लिहायचं. ‘बुलबुलाएवढा, पाठीवर करडा, डोळ्यावर काळी पट्टी, काटेरी झुडपाच्या टोकाला एकटा, खाली झेप घेऊन परत तिथेच.’ एवढं लिहिलं की खाटीक जवळजवळ सापडलाच. उलट ‘छान रंगीत पक्षी’ असं लिहिलेल्या नोंदीतून जगातला कुठलाही तज्ज्ञ काही काढू शकत नाही. आणि एक पथ्य: पक्षी पुढे यावा म्हणून त्याच्याच आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवू नये. विणीच्या दिवसांत त्याला ते हद्दीत घुसलेल्या प्रतिस्पर्ध्याचं आव्हान वाटतं आणि तो अंडी-पिल्लं सोडून भांडायला येतो.

असं काही महिने चाललं की डोक्यात काहीतरी बदलतं, आणि ते मोजताही आलं आहे. जेम्स तनाका आणि मार्जोरी टेलर यांनी १९९१ साली श्वानतज्ज्ञ आणि पक्षीतज्ज्ञांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सामान्य माणसाला चित्र दाखवलं तर ‘पक्षी’ हे तो झटकन ओळखतो, ‘कुठला’ हे सांगायला वेळ लागतो. तज्ज्ञांना त्यांच्या विषयातल्या चित्रांसाठी दोन्ही उत्तरं सारख्याच वेगाने येत होती. म्हणजे त्यांना आधी ‘पक्षी’ आणि मग ‘बुलबुल’ असं दिसत नाही, एकदम बुलबुलच दिसतो. पुढे २००० साली इझाबेल गोतिए आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा जाणकारांच्या मेंदूंची चित्रं घेतली. माणसांचे चेहरे पाहताना मेंदूचा जो भाग विशेष जागा होतो, तो पक्षीतज्ज्ञांमध्ये पक्षी पाहताना आणि मोटारींच्या जाणकारांमध्ये मोटारी पाहताना जास्त जागा झाला. त्या भागाचं नेमकं काम काय यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. पण ज्याने वर्षभर साळुंक्या पाहिल्या आहेत त्याला या निष्कर्षाचं आश्चर्य वाटणार नाही. पुढे पुढे ‘ते काळं’ असं काही दिसायचंच बंद होतं. तारेवर कोतवाल बसलेला असतो, कुंपणावर चीरक असतो, उकिरड्यावर भारद्वाज असतो. पुन्हा न ओळखता पाहायचं म्हटलं तरी जमत नाही.

ओळख पटली म्हणजे पक्षी संपला असंही नाही. सलीम अलींची पिवळ्या गळ्याच्या चिमणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्यांची सुगरणीची गोष्ट जास्त आवडते. १९३० साली हातची नोकरी गेल्यावर ते अलिबागजवळ किहीमला राहत होते. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सुगरणीचा खोपा कोकणात कुणी पाहिलेला नाही? पण ते मचाणासारखी जागा करून रोज पाहत बसले, आणि नर अर्धवट खोपे विणून ठेवतात, माद्या येऊन तपासणी करतात, पसंत पडला तर आत राहतात, मग नर तो खोपा पुरा करून लगेच दुसरा विणायला घेतो आणि दुसरी मादी मिळवतो, हा सगळा संसार त्यांनी पहिल्यांदा नीट मांडला. १९३१ साली तो निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. अंगणातल्या पक्ष्यावरचा.

आता सातपुड्याकडे. पिंगळा आपल्याला माहीत आहे. जुन्या आंब्याच्या ढोलीत, पडक्या वाड्याच्या भिंतीत राहणारं साळुंकीएवढं घुबड. संध्याकाळी किचकिचाट करतं आणि मान खालीवर करत आपल्याकडे रोखून पाहतं. डोक्यावर पांढरे ठिपके. याचा एक जंगली चुलता आहे, रानपिंगळा. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढच्या काही वर्षांत खानदेशात जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्याने त्याचे नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कुणाला सापडलाच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सातच नमुने.

त्यातला एक नमुना मात्र वेगळं सांगत होता. रिचर्ड माइनर्ट्‌झहेगन या ब्रिटिश कर्नलच्या संग्रहातला, चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातेत तापीकाठचं मांडवी हे ठिकाण. म्हणजे १८८४ नंतरही पक्षी होता आणि तिथे होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढच्या काळात शोध झाले. सलीम अली आणि डिलन रिप्ली यांनीही शोधलं. काही मिळालं नाही. मिळणार कसं? पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी नमुन्याची बारकाईने तपासणी केली तेव्हा चोरी उघडी पडली. पक्षी भरण्याची पद्धत डेव्हिडसनची होती. कर्नलसाहेबांनी संग्रहालयातला जुना नमुना लंपास केला होता, नव्याने भरला होता आणि स्वतःची चिठ्ठी लावली होती. पक्ष्याचा पत्ताच खोटा होता.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी खोटी चिठ्ठी बाजूला ठेवून खऱ्या नमुन्यांच्या जागा शोधायला घेतल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या विरळ सागवानी जंगलात एक घुबड भरदिवसा उघड्या फांदीवर बसलेलं दिसलं. डोकं जवळजवळ बिनठिपक्यांचं, करडं-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे. पोट पांढरं. पाय जाड, पांढऱ्या पिसांनी भरलेले. ११३ वर्षांनी रानपिंगळा परत नोंदला गेला.

तो तिथे नव्हता असं नाही. मेळघाटात शोधल्यावर तो तिथेही सापडला, मध्य प्रदेशातही सापडला. दिवसा जागा असणारा, उघड्यावर बसणारा, आवाज करणारा पक्षी. त्या जंगलांतून माणसांची ये-जा कधीच थांबलेली नव्हती. ज्याने पिंगळ्याच्या डोक्यावरचे ठिपके कधी लक्ष देऊन पाहिले नाहीत, त्याला बिनठिपक्यांचं डोकं दिसूनही दिसत नाही, एवढंच. पुढे २०१४ साली पक्षीनिरीक्षकांना तो ठाणे-पालघर भागातल्या तानसा अभयारण्यात दिसला. पश्चिम घाटात तो असेल असं त्याआधी कुणी धरलं नव्हतं. मुंबईच्या नळांना जिथून पाणी येतं त्या तळ्याभोवतीचं हे जंगल आहे, आणि लोक तिथे कितीतरी वर्षं पक्षी पाहायला जात होते.